निर्मळ ओढ्याचं पान

बाई, परवा कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही असता तर पाच मिनिटांत उठून गेला असता, आणि जाताना दार आपटलं असतंत. मला तेवढी हिंमत नव्हती. मी बसून राहिले.

समोर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा जाडजूड हार, उदबत्तीचा धूर, आणि एकेक जण माइकपाशी येऊन तेच ते ओकत होता. पोकळी निर्माण झाली. कधीही भरून न येणारी हानी झाली. ज्ञानाचा दीप मालवला. एक जण म्हणाला, राऊतबाई अत्यंत मृदुभाषी होत्या. तुम्ही आणि मृदुभाषी. भरल्या वर्गाला ‘काय रे दगडांनो’ म्हणून हाक मारणारी बाई. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. गेल्या वर्षी कॉलेजचे शिपाई वारले, तेव्हाही त्यांनी हाच कागद वाचला होता. फक्त नाव बदललं होतं, आणि एका ठिकाणी तेही बदलायला विसरले. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

तेव्हा माझी बोटं आपोआप वळली आणि मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टकटक केली. दोनदा. लोकांनी वळून बघितलं. मी खाली मान घातली. आणि बाई, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून दुसरी टकटक आली, माझ्यापेक्षा जोरात. मागे बघितलं तर सातपाटीचा मोरेश्वर. आपल्या वर्गातला. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, मच्छीमार सोसायटीत बर्फाचं काम बघतो. तो माझ्याकडे बघून हसला नाही. त्याचे डोळे भरलेले होते, आणि त्यानं पुन्हा एकदा टकटक केली.

तुम्हाला ही टकटक ठाऊक आहे. पण हे पान कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलं जाणार आहे, तेव्हा आजच्या मुलांसाठी सांगते. सोमवारी पहिला तास निबंधाचा असायचा. प्रथम वर्ष कला. परीक्षेत निबंध यायचा म्हणून तो तास होता, नाहीतर तेवढाही नसता. बाकीकडे त्या तासाला निबंध लिहून द्यायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. तुम्ही पहिल्याच दिवशी खडू घेऊन सांगितलंत, “आठवड्याला एक पान. विषय मी देणार नाही. जिथं स्वतः उभं राहून बघितलंत तिथलं लिहायचं. जे वाक्य नागपूरच्या माणसाला इथं न येता लिहिता येतं, ते वाक्य तुमचं नाही. ते कुणाचंही वाक्य. आणि कुणाचंही उष्टं माझ्या ताटात वाढायचं नाही.”

एकानं उभं राहून वाचायचं, आणि कुणाचंही वाक्य आलं की बाकीच्यांनी बाकावर टकटक करायची, हा तुमचा नियम. पहिल्या सोमवारी वर्गात सुतार बसलेत की काय असं वाटत होतं. मोरेश्वरानं ‘सागरकिनारीचा सूर्यास्त’ वाचला. तांबूस क्षितिज आणि सोनेरी लाटा. तुम्ही त्याला थांबवून विचारलंत, “तू सूर्यास्त बघतोस?”

“नाय बाई. त्या वक्ताला होड्या लागतात. मावरा उतरवायचा असतो.”

“मग हा सूर्यास्त बघितला कोणी?”

मोरेश्वर विचार करून म्हणाला, “गाइडवाल्यानी.”

वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. पुढच्या सोमवारी त्यानं लिहून आणलं की, ओले बोंबील वाळत घालताना त्यांची जोडी लावतात, एकाचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकवतात आणि ती जोडी बांबूवर टाकतात. त्याची आत्या बोलता बोलता, न बघता, शेकड्यानं जोड्या लावते. एकदाही टकटक झाली नाही. तुम्ही मार्क देत नव्हता. पानाखाली लाल शाईनं लिहायचात, ‘यात तुझी वाक्यं’, आणि पुढे आकडा. मोरेश्वराच्या पानाखाली नऊ लिहिलंत. तो आठवडाभर ते पान सगळ्यांना दाखवत फिरला.

माझ्या पहिल्या पानाखाली शून्य होतं. आणि समासात, ओळींना लागून, तुमचं ते प्रसिद्ध लाल ‘शी’. चार ठिकाणी.

मी ‘आमचे गाव’ लिहिलं होतं. आम्ही सरावलीला राहायचो. बाबा मूळचे बेटेगावचे, शेतीत भागेना म्हणून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात लागले, आणि आम्ही सरावलीला दोन खोल्यांत आलो. मी लिहिलं होतं, ‘आमच्या गावाजवळून एक निर्मळ ओढा खळखळ वाहतो. त्याच्या काठी पाखरे किलबिलाट करतात.’ बोईसरकडची चार पोरं होती वर्गात, ती बाकाखाली डोकं घालून हसत होती. मला कळेना. खरंच कळेना, बाई. निबंधात ओढा निर्मळच असतो, एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरामागे जे वाहत होतं त्याला आम्ही नाला म्हणायचो, आणि त्याचा निबंधाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शून्याच्या खाली तुम्ही लिहिलं होतंत, ‘रविवारी येते. ओढा दाखव.’

मला वाटलं धमकी आहे. पण तुम्ही आलात. बोईसर स्टेशनवरून चालत, ती काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी. आईची तारांबळ उडाली. पोहे करू का विचारायला लागली. तुम्ही म्हणालात, “आधी ओढा.”

मी तुम्हाला घरामागे घेऊन गेले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. त्या दिवशी नाला जांभळा होता. कडेला साबणासारखा फेस, आणि तो वास, जो आम्हाला येईनासा झाला होता. तुमच्यामुळे मला तो पुन्हा आला. तुम्ही पदर नाकाला लावला नाहीत, हे मला आजही आठवतं. शेजारी उत्तर प्रदेशातला एक कामगार राहायचा, तो बाहेर दात घासत उभा होता. म्हणाला, “मैडमजी, यहाँ तो रोज होली है.” तुम्ही त्याला म्हणालात, “मॅडम दुकानातल्या पुतळ्याला म्हणायचं. मला बाई म्हणा.” त्याला काही कळलं नाही, पण तो हसला.

तुम्ही मग मला विचारलंत, “हाच का तो निर्मळ?” मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, “रडतेस काय? तू थोडाच रंग सोडलास त्यात? तू फक्त खोटं लिहिलंस. ते सुधारता येतं.”

चहाला आत आलो तेव्हा बाबा पहिल्या पाळीवरून आले होते. मानेवर, कानामागे पिवळा. दोरीवर त्यांच्या उशीचा अभ्रा वाळत होता, त्याच्या मधोमध डोक्याएवढा पिवळा गोल. तुम्ही आईला विचारलंत, “हा डाग निघत नाही?”

आई म्हणाली, “डाग नाय बाई तो. ह्यांचा घाम हाय.”

तुम्ही बशीत ओतलेला चहा तसाच हातात धरून बसलात. मग तो प्यायलात. दुसरा मागून घेतलात. बाबांना विचारलंत, गावाकडे भात कोण लावतं, आणि बाबा तुमच्याशी तासभर बोलले. आमच्या घरात येऊन बाबांना कोणी काही विचारलं, असं तोवर मी पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी वाचलं. ‘माझ्या बाबांच्या उशीचा अभ्रा आई वेगळा धुते.’ असं सुरू केलं होतं. पुढे नाला होता, त्याचे रंग होते, आणि शिफ्ट बदलली की बाबांचा रंग कसा बदलतो ते होतं. पान संपलं आणि कोणाचीही बोटं हलली नाहीत. इतकी शांतता की मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय. पानाखाली तुम्ही आकडा लिहिला नव्हता. ‘यात तुझी वाक्यं : सगळी.’

बाई, त्या शब्दानंतर मी एस.टी.त उभी होते की बसले होते, कशी घरी गेले, काही आठवत नाही. त्या वर्षीच्या अंकात तुम्ही ते पान छापलंत, माझ्या नावानं, एक अक्षर न बदलता.

आता पुढचं लिहावंसं वाटत नाही. पण शोकसभेत कोणी बोललं नाही, तेव्हा मलाच बोलायला हवं.

अंक निघाल्यावर दोन आठवड्यांनी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. तिथं बाबांच्या कारखान्याचे एक साहेब बसले होते. कामगारांचं बघणारे. अंकाच्या मागच्या पानावर त्यांच्या कंपनीची जाहिरात होती. पांढरा शर्ट, अत्तराचा वास. त्यांच्या हातात अंक होता. तुम्ही खिडकीपाशी उभ्या होतात. प्राचार्यांनी मला विचारलं, “हे तू लिहिलंस?”

मी म्हणाले, “नाही सर. बाईंनी सांगितलं तसं लिहिलं.”

“म्हणजे हे तुझं नाही?”

“नाही.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खूप वेळ नाही. रागानंही नाही. पान वाचताना बघायचात तसं. मग प्राचार्यांना म्हणालात, “बरोबर आहे. मी लिहून दिलं. तिचा संबंध नाही.”

ज्या बाईनं वर्षभर आम्हाला एकही वाक्य लिहून दिलं नाही, मोरेश्वर पाया पडायला आला तरी एक शब्द सुचवला नाही, तिनं तिथं उभं राहून सांगितलं की मी लिहून दिलं. तुमच्या तोंडून ऐकलेलं ते एकमेव खोटं. आणि ते मी तुमच्या तोंडात घातलं.

मग तो घाणेरडा प्रकार झाला. उरलेल्या सगळ्या अंकांतून ते पान काढायचं ठरलं, आणि ते काम आपल्याच वर्गाला दिलं. सोमवारी, निबंधाच्या तासाला. वाचनालयात लांब टेबलावर अंकांचे गठ्ठे, आणि प्रत्येकाच्या हातात दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा. मीसुद्धा कापलं. माझंच पान, पुन्हा पुन्हा, शिवणीलगत, अगदी नीट, शेजारचं पान फाटू नये म्हणून पट्टी लावून. तुम्ही दारात उभ्या होतात. त्या पानाच्या पाठीवर कोणाची तरी ‘आई’ नावाची कविता होती, माया, ममता, वात्सल्याचा सागर वगैरे. ती पण गेली. तुम्ही मोरेश्वरच्या खांद्यावरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, “चला, तेवढी एक तरी घाण गेली.” पोरं हसली. मला वाटतं तुम्ही ते मला हसवायला म्हणालात. मला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षापासून निबंधाचा तास तुमच्याकडे राहिला नाही. तुम्हाला व्याकरण दिलं, आणि ते तुम्ही निवृत्त होईपर्यंत शिकवलंत. निबंधाच्या तासाला नवे सर गाइडमधून लिहून देऊ लागले. निकाल वाढला. पालकही खूश होते.

मी सगळ्यांना सांगत आले की बाबांच्या नोकरीसाठी मला नाही म्हणावं लागलं. कायम व्हायचे होते ते, अठरा वर्षांची पोर काय करणार. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. ऐकणारे चुकचुकायचे, म्हणायचे, गरिबाला कुठली आली निवड. मला तेव्हा बरं वाटायचं. तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही कधी विचारलंही नाही. पालघरच्या बाजारात मासळीवाल्यांपाशी भेटायचात, हातात पिशवी, सरंग्याचे कल्ले उलटून बघत. “लिहितेस का गं?” एवढंच विचारायचात. मी म्हणायचे, वेळ मिळत नाही बाई. तुम्ही म्हणायचात, “हे कुणाचंही वाक्य आहे,” आणि कोळणीशी भाव करायला वळायचात.

मग मी स्वतः शिक्षिका झाले. बोईसरकडच्या शाळेत मराठी शिकवते. आणि बाई, मी काय शिकवते ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही येऊन बघितलंत. दोन वर्षांपूर्वी आमच्या निबंध स्पर्धेला परीक्षक म्हणून मीच तुम्हाला बोलावलं. का बोलावलं, मलाच ठाऊक नाही. कदाचित तुम्ही बघावं अशीच माझी इच्छा असेल. विषय ‘माझे गाव’. तुम्ही ऑफिसात बसून सगळा गठ्ठा वाचलात. मग मला आत बोलावून शांतपणे विचारलंत, “सुनंदा, एवढे झरे कुठून आले गं इथं?”

प्रत्येक पानावर निर्मळ झरा होता. सरावली, बेटेगाव, स्टेशनजवळच्या चाळी, कुठलंही पोर असो, त्याच्या गावाजवळून निर्मळ झरा खळखळ वाहत होता. मीच लिहून दिला होता. माझ्या वहीत तो वर्षानुवर्षं तयार आहे, मी फक्त फळ्यावर उतरवते.

तुम्ही बक्षीस कोणालाच दिलं नाहीत. प्रत्येक पानावर लाल ‘शी’ लिहिलंत. पोरं रडली, पालक भांडायला आले. मी तुमच्यावर चिडले. रिक्षापर्यंत सोडायला आले होते तेव्हा म्हणाले, “बाई, तुमचं बरं आहे. मला चाळीस पोरं पास करायचीत. खरं लिहून कोणाचं भलं झालंय? तुमचं झालं?”

तुम्ही रिक्षात बसून म्हणालात, “माझं जाऊ दे. तुझं सांग. खोटं सांगून तुझं झालं?”

मी म्हणाले, “माझ्या बाबांची नोकरी टिकली.”

तुम्ही काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं होतंत. मग रिक्षावाल्याला म्हणालात, “चल रे बाबा,” आणि गेलात. ते आपलं शेवटचं बोलणं. तो वाद तसाच अर्धा राहिला. मी दोन वर्षं मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत राहिले आणि प्रत्येक वेळी जिंकत राहिले. पालघरला यायला पाऊण तास लागतो. मी आले नाही.

परवा शोकसभेहून घरी गेले ती उबगून. नवे प्राचार्य जाताना म्हणाले होते, “मॅडम, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. अंकासाठी एक पान द्या, भावपूर्ण.” भावपूर्ण म्हणजे पोकळी, हानी आणि दीप, दुसरं काय. मी बाबांकडे गेले. ते आता निवृत्त आहेत, सरावलीतच राहतात. खोकला आहे, पण डोकं साफ आहे. म्हणाले, “राऊतबाय गेल्या? त्यांनी आपल्याकडे दोन कप चाय प्यायला व्हता.”

मी म्हणाले, “बाबा, तुमच्यासाठी मी त्यांचं नाव पुढं केलं होतं. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून.”

बाबांना कळेना. “माजी नोकरी कोण घेत व्हता?”

“ते साहेब आले होते ना कॉलेजात. अंक घेऊन.”

“तो अंक तर मीच नेला व्हता,” बाबा म्हणाले. “कँटीनमदी. सगल्यांना वाचून दावला, माज्या पोरीनी लिवलाय म्हनून. सायबानी मागून घेतला. मी म्हटला, न्या सायेब, वाचा. मला कोनी काय बोलला नाय. तुला मी कदी सांगितला, नाय म्हन?”

नव्हतं सांगितलं. मी त्यांच्यासमोर बसून आठवायला लागले आणि नव्हतं सांगितलं. कोणीच सांगितलं नव्हतं. त्या खोलीत नोकरीचा शब्दही कोणी काढला नव्हता. मग काय झालं होतं, ते मला इतक्या वर्षांत प्रथमच धड दिसलं. आणि माझीच मला इतकी किळस आली की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सांगते. ते साहेब ओरडले नव्हते. धमकीही दिली नव्हती. अंक दोन बोटांत धरून, अगदी मायेनं विचारलं होतं, “मुली, असं राहता तुम्ही? वडिलांच्या अंगाला असं…” आणि पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना. रुमाल काढला आणि नाकापाशी नेला. बस, एवढंच. आणि त्या अत्तराच्या वासात मला आमच्या दोन खोल्यांचा वास आला. नाला, अभ्रा, बाबांची पिवळी मान, आईचं ‘घाम हाय’. मला त्या सगळ्यांची घाण वाटली. तुम्हाला जी वाटली नव्हती, ती मला वाटली. त्या पांढऱ्या शर्टासमोर मला त्या घरातली पोर व्हायचं नव्हतं. नोकरीसाठी नाही, भीतीनं नाही. लाजेनं मी म्हणाले की हे माझं नाही. माझा बाप ते पान छातीशी धरून कँटीनमध्ये फिरत होता, आणि मी त्याला दोन बोटांत धरलं.

तुम्ही रिक्षात हेच बोलणार होता का? तुम्हाला ठाऊक होतं? त्या खोलीत तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हाच कळलं असेल. कुणाचंही वाक्य तुम्हाला लांबून ऐकू यायचं, आणि माझं ‘नाही’ तर तुमच्या हाताच्या अंतरावर होतं. तरी तुम्ही टकटक केली नाहीत. मला झाकलंत. याबद्दल तुमचे आभार मानायचेत आणि तुमच्यावर रागही काढायचाय. एकदा तरी वाजवायचं होतंत, बाई. मी कदाचित तिथल्या तिथे खरं बोलले असते. कदाचित नसतेही.

काल वर्गात मी झऱ्याची वही आणली नाही. पोरांना सांगितलं, एक पान, जिथं उभं राहून बघितलं तिथलं. पोरं माझ्याकडे बघत बसली. एकानं विचारलं, “टीचर, किती ओळींचं? सुरुवात लिहून द्या ना.” दिली नाही. यंदाचा निकाल काय लागायचा तो लागो.

प्राचार्यांना भावपूर्ण हवं होतं. हे त्यांनी छापलं तर छापोत, नाहीतर पुन्हा ब्लेड आणोत. मोरेश्वरला मी आधी वाचून दाखवलं, सोसायटीत, बर्फाच्या गाड्या भरत होत्या तिथं उभं राहून. एका ठिकाणी त्यानं टेबलावर टकटक केली, ते वाक्य मी काढलंय. बाकीचं त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाव टाक. त्या वक्ताला कापला व्हता ना, आता टाक.” बाबांनाही वाचून दाखवलं. रुमालाचा भाग आला तेव्हा मी थांबले. बाबा म्हणाले, “वाच पुडं.” मी वाचलं. संपल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि कागद स्वतःकडे ठेवून घेतला. मला दुसरी प्रत करावी लागली.

तर ही उशिरा आणलेली वही, बाई. सुनंदा भोईर, प्रथम वर्ष कला. ‘माझ्या बाबांच्या उशीचा अभ्रा आई वेगळा धुते’, तिथपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते पान मी लिहिलं होतं. तुम्ही त्यातलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. ते माझं होतं.